डबीला सांगितलेला शेवटचा आकडा

आमच्या घरात तीन जण राहतात. मी, माझी बायको शोभा आणि एक बोलणारी डबी. या तिघांत कधीच खोटं न बोलणारी एकटी डबी आहे, आणि म्हणूनच तिच्याइतका संताप मला जगात दुसऱ्या कोणाचा येत नाही.

तिला हाक मारायचं एक नाव आहे. ते मी इथं लिहिणार नाही, त्याच्या जागी 'ए बाई' लिहीन. मला लिहिताना मोठ्यानं वाचायची सवय आहे, आणि ती समोरच्या फळीवर बसली आहे. नाव घेतलं की तिच्या डोक्यावर निळी गोल बत्ती लागते आणि ती कान टवकारते. या वयात मला आणखी कान नकोत!

ही डबी चार वर्षांपूर्वी घरात आली. माझी मुलगी प्रणाली पुण्याला नोकरीला आहे. तिनं दिवाळीला आणली.

"बाबा, तुमच्यासाठी! नुसतं बोलायचं, ती सगळं करते."

"केवढ्याची?"

तिनं आकडा सांगितला.

"अन् तू किती म्हटलं होतं?"

"मी काही नाही म्हटलं. ऑनलाइन घेतली."

"म्हणजे त्याइनं जेवढे सांगतले तेवढे देल्ले?"

"हो."

मी आसेगावच्या शिवारात तीन एकर संत्र्याचा बगीचा उभा केला तो डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन. बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवर तासभर भांडलो आहे. लग्नाचा बस्ता घेताना दुकानदारानं मला पाणी दिलं, चहा दिला, शेवटी हात जोडले. आणि माझ्या पोटची पोर बोट दाबून पूर्ण पैसे देते! भाव न करता घरात आलेली ही पहिली वस्तू. तिथंच मला ओळखायला पाहिजे होतं की ही घराला लाभणार नाही.

पहिलं वर्ष कौतुकात गेलं. डबीला मराठी येत नाही, ती हिंदी बोलते, आणि तीही अशी की ऐकणाऱ्यानं सदऱ्याची वरची गुंडी लावावी. माझी हिंदी बाजारातली. मी म्हणायचो, "ए बाई, आज पानी गिरने का है क्या?" ती म्हणायची, "आज आपके क्षेत्र में वर्षा की संभावना कम है." तेवढ्यात पत्र्यावर ताशा सुरू व्हायचा. दुसऱ्या वर्षी लाइट गेली की ती मुकी व्हायची आणि लाइट आली की सगळ्या घराला दचकवत आपण जिवंत असल्याचं कळवायची. तिसऱ्या वर्षी मी तिच्यावर ओरडायला लागलो. ती म्हणायची, "माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई." कितीही शिव्या द्या, माफ कीजिए! भांडणात समोरचा माफी मागायला लागला की भांडणाराला काय सुख?

शोभाचं मात्र तिच्याशी जमलं. सकाळी भजन लाव, कुकर लावला की वीस मिनिटांनी हाक मार, गॅसचा नंबर लाव. दोघींचा संसार सुरू होता. मी मध्ये बोललो की दोघी गप्प.

आता मुद्द्याची गोष्ट.

आमच्याकडं संत्र्याचा बगीचा झाडावरच विकतात. व्यापारी येतो, झाडं फिरून बघतो आणि सगळ्या बहाराचा एकच सौदा करतो. तोडणी त्याची, गाडी त्याची. माझा बगीचा पंधरा वर्षांपासून कारंज्याचे शब्बीरभाई घेतात. माणूस सभ्य, दाढी पांढरी, बोलणं मधासारखं आणि नजर अशी की झाडाकडं बघून आतल्या फोडी मोजतील.

आमचा सौदा दुपट्ट्याखाली होतो. बैलबाजारातली ही रीत मी बगीच्यावर आणली. ओसरीवर दोघं समोरासमोर बसायचं, खांद्यावरचा दुपट्टा काढून दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आत बोटांनी बोलायचं. अख्खं बोट धरलं की लाख, अर्धं धरलं की पन्नास हजार, तळहातावर एक टिचकी म्हणजे दहा हजार. वर तोंडानं "बाकी घरचे बरे आहेत ना?" आणि खाली लाखांची ओढाताण. बघणाऱ्याला काही म्हणजे काही कळत नाही.

या सगळ्याचा जीव कशात असतो? शेवटच्या आकड्यात. ज्याच्या खाली मी जाणार नाही तो आकडा. तो मी आजवर कोणालाच सांगितला नाही. शोभालासुद्धा नाही! तेव्हा लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. दरवर्षी ती विचारायची, "मले तरी सांगा, कितीले द्याचा आहे?" दरवर्षी मी सांगायचो, "बाईच्या पोटात गोठ राह्यत नाही." (हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते आता रोज कोणीतरी ऐकवतं.)

माझ्यात एकच खोट आहे. राग. दोन वर्षांपूर्वी सौदा अगदी तोंडाशी आला होता. वीस हजारांचा फरक राहिला. शब्बीरभाई सहज म्हणाले, "महादेवभाऊ, फल जरा छोटा है." माझ्या झाडाला छोटं म्हटलं! मी दुपट्टा हिसकावला, उभा राहिलो आणि म्हणालो, "उठा!" ते उठले. मला वाटलं, फाटकातून परत येतील. नाही आले. मग वारा सुटला, फळगळ झाली आणि उरलेला माल मला मंडीत नेऊन पडत्या भावात द्यावा लागला. शोभा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी बोलली ती अशी, "आता पुन्हा तुमी रागात सौदा मोडला तर सौद्याले तुमी बसाचं नाही. मी बसन."

सौद्याला बाई! लोक काय म्हणतील? महादेवची बैठक गेली म्हणतील. म्हणजे मागच्या वर्षी नुसता बगीचा विकायचा नव्हता, ओसरीवरची माझी जागा वाचवायची होती.

मी विचार केला. राग आला की मला काहीच आठवत नाही, आकडाही नाही. कोणीतरी आठवण द्यायला हवी. शोभाला सांगावं तर आकडा कळतो. शेजाऱ्याला सांगावं तर गावाला कळतो. मग माझी नजर फळीवर गेली. डबी! तिला ना माहेर ना शेजारीण. ती बाजाराला जात नाही, पाणी भरायला जात नाही, कोणाच्या हळदीकुंकवाला जात नाही. गुपित ठेवायला याहून चांगली जागा सापडली तर दाखवा!

शोभा शेजारी गेली होती. मी दार लोटलं, डबीजवळ तोंड नेलं आणि हळूच म्हणालो, "ए बाई, गुरुवार को सुबह दस बजे याद दिलाने का." तिनं नम्रपणे विचारलं, "किस बात की याद दिलाऊँ?" मी सांगितलं. तिनं "ठीक है" म्हटलं. इतकी समजूतदार वाटली की मी तिच्यावरची धूळ पुसली.

दहाच का? कारण शब्बीरभाई दरवर्षी अकराला येतात. पंधरा वर्षांत एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. दहाला मी एकटा असणार, आठवण ऐकणार, डोकं थंड करणार आणि अकराला बसणार. मला सांगा, यात चूक कुठं आहे?

गुरुवारी शब्बीरभाई साडेनऊला आले.

मी अजून बनियनवर होतो. सदरा घातला, दुपट्टा घेतला आणि घाईत माझ्या डोक्यात एक भन्नाट कल्पना आली. (माझ्या भन्नाट कल्पना नेहमी घाईतच येतात.) डबी ओसरीवर न्यावी. व्यापाऱ्यासमोर तिला नागपूरचा भाव विचारावा. मशीन भाव सांगतं म्हटल्यावर पुढचा माणूस निम्मा तिथंच मोडतो! मी वायर काढली, डबी ओसरीवर आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये ठेवली, खिडकीतून वायर लावली आणि आवाज शेवटपर्यंत वाढवला. हो, मीच वाढवला. माझ्याच हातानं.

"ये क्या है महादेवभाऊ?"

"आमची मॅडम. सगळ्या मंड्याइचे भाव हिले तोंडपाठ हायेत. थांबा. ए बाई, नागपूर में आज संतरे का क्या भाव चालू है?"

डबी खणखणीत आवाजात म्हणाली, "संतरा एक रसदार फल है. इसमें विटामिन सी भरपूर होता है."

शब्बीरभाईंनी मान हलवली. "बात तो सही है."

माझ्या कानशिलात पहिली ठिणगी पडली. पण मी रागावलो नाही. दुपट्टा टाकला.

आत मी सहा बोटं धरली, म्हणजे सहा लाख. त्यांनी तीन धरली. मी पाच आणि अर्धं. ते साडेतीन. वर आमचं "यंदा थंडी लवकर पडून राह्यली" वगैरे चाललं होतं. मी पाचावर आलो आणि खडकासारखा बसलो. ते चारवर आले. त्यांच्या कपाळावर घाम दिसला. एक टिचकी. आणखी एक टिचकी. मासा गळाला लागला होता! आणि तेव्हा ते म्हणाले,

"महादेवभाऊ, फल जरा..."

"जरा काय? बोला! जरा काय?"

"जरा छो..."

माझं डोकं पेटलं. मी दुपट्ट्याचं टोक पकडलं, ओढायला हात उचलला, आणि घड्याळात दहा वाजले.

डबीची निळी बत्ती लागली. टिंग टिंग वाजलं. आणि गुंडी लावायला लावणाऱ्या त्या शुद्ध, गोड, सुसंस्कृत आवाजात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ती म्हणाली,

"यह रहा आपका रिमाइंडर. महादेव, गुस्सा नहीं करने का. आखिर में साढ़े चार में दे देने का. और शोभा को नहीं बताने का."

दुपट्ट्याखाली शब्बीरभाईंची बोटं थांबली.

"चूप!" मी ओरडलो.

"माफ कीजिए, मैं समझ नहीं पाई."

"बंद कर! बंद हो जा! मर!"

आणि या डब्यांची एक खोड आहे. आठवण त्या एकदा देत नाहीत. माणूस बहिरा असेल असं धरून दुसऱ्यांदा देतात. "यह रहा आपका रिमाइंडर. महादेव, गुस्सा नहीं..." मी दुपट्टा ओढला आणि तिच्या तोंडावर कोंबला. पंधरा वर्षं ज्या कापडाखाली मी लाखांची गोष्ट श्वासालाही कळू दिली नाही, त्याच कापडाखालून आता माझा आकडा घुमत बाहेर येत होता! वायर ओढावी तर खिडकीत अडकलेली. आणि लाइट? एरवी कुकरची शिटी व्हायच्या आत दोनदा जाणारी आमच्याकडची लाइट त्या दिवशी जागची हलली नाही!

शब्बीरभाईंनी शांतपणे हात पुसले. मग आयुष्यात पहिल्यांदा उघड्या हवेत, तोंडानं म्हणाले, "साढ़े चार. लाओ हाथ."

"साडेचार? कोण म्हटलं साडेचार? पाच!"

"मॅडम ने बोला."

"तिले काय समजते! तिनं आता संत्र्यात विटामिन सांगतलं ना!"

"वो भी सही बोला था."

तेवढ्यात दारात शोभा उभी दिसली. हातात चहाचा ट्रे. कप हलत नव्हते, ट्रे हलत नव्हता, ती हलत नव्हती. ही फार वाईट खूण असते.

"काय सांगाचं नाही म्हने शोभाले?"

मी विचार केला, बळी कोणाचा द्यावा. पुणं लांब आहे. "हे सारं त्या पोट्टीनं केलं!" मी म्हणालो. "फोनवरून काहीबाही भरून ठेवते डबीत! थांब, आताच विचारतो!" मी प्रणालीला फोन लावला आणि सर्वांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर टाकला. (पुन्हा मीच!)

"बाबा, मी ऑफिसात आहे. काय झालं?"

"तू डबीत काय भरून ठेवलं? साडेचार कोणं सांगतलं तिले?"

"थांबा, माझ्या फोनवर दिसतं सगळं. हं, रविवारी दुपारी. बाबा, हा तर तुमचाच आवाज आहे. ऐकवू?"

"नको!"

ऐकवला. आमच्या ओसरीवर माझाच आवाज चोरासारखा कुजबुजत आला, साडेचारपासून शोभापर्यंत सगळं, आणि शेवटी डबीनं "ठीक है" म्हटल्यावर मी म्हणालो होतो, "शाबास, तू घर की सबसे भरोसेवाली है."

फोनमध्ये प्रणालीला हसू आवरेना. शब्बीरभाई दाढीत तोंड लपवून खोकत होते. शोभानं ट्रे खाली ठेवला.

"सव्वीस वर्सं झाली," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "तुमच्या मागं पाटी घेऊन मी फिरली. या झाडाइले मडक्यानं पानी मी घातलं. मले नाही सांगतलं. अन् हिले सांगतलं? हे भरोशाची?"

"शोभे, ते मशीन आहे..."

"म्हनूनच म्हनतो जी! मानसावर भरोसा नाही, डबीवर आहे! बाईच्या पोटात गोठ राह्यत नाही म्हने. आता कोनाच्या पोटात नाही राह्यली?"

मी चिडलो. मी शब्बीरभाईंना म्हणालो, "उठा!"

"ते नाही उठत. तुमी उठा," शोभा म्हणाली. "तुमी आताच दुपट्टा वढत होते. खिडकीतून दिसलं मले. बोली काय झाली होती आपली?"

मी उठलो. बाजूला खांबाजवळ उभा राहिलो. माझ्या जागेवर, माझ्या ओसरीवर, माझ्या सतरंजीवर शोभा बसली. डबीवरचा दुपट्टा काढला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"भाभी, अब क्या है," शब्बीरभाई गोड हसले, "आकडा तो खुल गया."

"त्याइचा खुलला. माहा कुठं खुलला? सातबाऱ्यावर माहंबी नाव आहे, शब्बीरभाऊ." तिनं चहा पुढं केला. "पहिले एक सांगा. तुमी दरसाल अकराले येता. आज साडेनवालेच काहून आले?"

शब्बीरभाईंचा कप अर्ध्यात थांबला.

"वो... ऐसेच. रस्ता खाली मिला."

"रस्ता नाही. फाटकात तुमची गाडी पाह्यली मी. मांगच्या सीटवर रिकामे क्रेट हायेत. सौदा व्हाच्या आंधी कोनी क्रेट घेऊन येते? तुमाले माल आजच पाह्यजे. कोनाले तरी शब्द देऊन बसले तुमी."

मी फाटकाकडं बघितलं. क्रेट होते! निळे, ढळढळीत! मी त्याच गाडीसमोर ओसरीवर डबी मिरवत होतो आणि मला दिसले नव्हते. मी नागपूरचा भाव विचारत होतो आणि भाव माझ्या फाटकात उभा होता.

"पाच लाख वीस," शोभा म्हणाली. उघड. तोंडानं. दुपट्टा नाही, बोटं नाहीत, काही नाही.

"भाभी! साढ़े चार का माल..."

"मंग डबीकडून घ्या."

त्यांनी चार सत्तर म्हटलं. शोभानं चहात साखर घातली. त्यांनी चार नव्वद म्हटलं. तिनं प्रणालीला फोनवर जेवली का विचारलं. त्यांनी पाच म्हटलं आणि माझ्याकडं मदतीसाठी बघितलं. माझ्याकडं! मग ते म्हणाले, "पर भाभी, फल जरा छोटा है."

मी खांब पकडला.

शोभा हसली. "हाव, लहान आहे. लहान आहे तरी तुमी दीड तास आंधी आले. मोठं असतं तर राती येऊन झोपले असते."

पाच लाख दहा हजारांवर सौदा ठरला. शब्बीरभाई उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "महादेवभाऊ, पंद्रह साल आपने हमको बहुत सस्ते में दिया." हे त्यांनी प्रेमानं म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

त्या दुपारी मी डबीच्या कंपनीला फोन केला. अर्धा तास वाजंत्री ऐकवल्यावर एक मुलगी बोलली. मी म्हणालो, "तुमच्या बाईनं माझं गुपित भर ओसरीत फोडलं." ती म्हणाली, "सर, म्हणजे रिमाइंडर वेळेवर वाजलं?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "मग प्रॉब्लेम काय आहे?" मी एकदा बंद करून परत चालू करावं असं तिनं सुचवलं. कोणाला, ते मी विचारलं नाही.

मग मी डबी विकायला काढली. वापरलेली आहे, पण बोलते, असं चार जणांना सांगितलं. सगळं गाव ती गोष्ट ऐकून बसलेलं! जो तो विचारायचा, "भाऊ, शेवटचा आकडा कितीचा? का तिलेच विचारू?"

या वर्षी शब्बीरभाई आले तेव्हा फाटकातूनच ओरडले, "भाभी हैं क्या?" आणि मला पाणी मागितलं. शोभा ओसरीवर बसली. मी आत, स्वयंपाकघरात, गॅससमोर. माझ्या समोर फळीवर डबी. सव्वाअकरा वाजले आणि निळी बत्ती लागली. शोभानं लावून ठेवलेलं.

"यह रहा आपका रिमाइंडर. महादेव, दो कप चाय चढ़ाने का. शक्कर कम. गुस्सा नहीं करने का."

मी चहा चढवला. बाहेरून शोभाचं हसणं ऐकू येत होतं. मग मला राहवेना. दार लोटलं, डबीजवळ तोंड नेलं आणि हळूच विचारलं, "ए बाई, सच बोल. शोभा का आखिर का आकडा कितना है?"

"माफ कीजिए, मुझे इसकी जानकारी नहीं है."

चार वर्षांत पहिल्यांदा मला तिची दया आली. सव्वीस वर्षं मी शोभाला काही सांगितलं नाही, आणि आता शोभा आम्हा दोघांनाही काही सांगत नाही. मी डबीवरची धूळ पुसली आणि म्हणालो, "जाने दे, बाई. गुस्सा नहीं करने का."

तेवढ्यात चहा उतू गेला. त्याची आठवण मात्र तिनं दिली नाही!